बत्तीस असार आणि बोकडाचा उजवा डोळा

तीर्थमान ताम्राकार ऐंशीला टेकले असताना एका शनिवारी सकाळी अचानक पंचावन्न वर्षांचे झाले, आणि ही बातमी सगळ्या आळीत पसरून झाल्यावर मग त्यांच्या कानावर गेली.

सुबिनाला ती कळली तेव्हा ती गच्चीवर ओले केस वाळवत बसली होती. शनिवार म्हणजे सुट्टी. खाली आळीत तांब्याची भांडी ठोकायचा आवाजही त्या दिवशी नसतो, त्यामुळे कोणी शिंकलं तरी चौथ्या घरापर्यंत ऐकू जातं. आणि इथे तर अष्टमान अजा, म्हणजे अष्टमान आजोबा, भर आळीत, हातात मोबाईल धरून, तीर्थमान अजांच्या दारासमोर उभे राहून हाका मारत होते.

"किजा, अरे ए किजा. बाहेर ये जरा."

सुबिनाच्या हातातला कंगवा थांबला. किजा म्हणजे धाकटा भाऊ. अष्टमान आणि तीर्थमान हे सख्खे चुलतभाऊ, तीर्थमान एका दिवसाने मोठे. त्या एका दिवसापायी अष्टमान जन्मभर त्यांना दाजु म्हणत आले होते, आणि दर वेळी म्हणताना त्यांचं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं. आज त्याच तोंडातून 'किजा' असा सुटला होता की जणू पेढा ठेवला होता जिभेवर.

खिडकी उघडली. तीर्थमान अजांनी डोकं बाहेर काढलं. "कोणाला हाक मारतोयस?"

"तुला. पंचावन्न वर्षांच्या माणसाने वडीलधाऱ्यांशी असं बोलू नये."

"सकाळीच घेतलीस का रे?"

"मी नाही म्हणत, गुठीची वेबसाइट म्हणतेय. तीर्थमान ताम्राकार, जन्म विक्रम संवत २०२६, पुस महिना, सतरा गते. वेळसुद्धा दिलीय, पहाटे साडेपाच. थंडीत झालास बिचारा."

सुबिनाने कंगवा तिथेच टाकला आणि ओल्या केसांनीच जिना उतरायला लागली, कारण ती वेबसाइट तिने बनवली होती.

नेपाळात पाटणमधल्या या आळीची एक गुठी आहे. गुठी म्हणजे भावकीच म्हणा, फक्त देवाधर्माची. वर्षातून एकदा, जेठ महिन्यात, सगळी घरं कुलदेवतेच्या थानावर जमतात, बोकड देतात आणि मग पंगत बसते. पंगतीला बसायचं ते वयाच्या क्रमाने. सगळ्यांत वडील माणूस तो थकाली. त्याने पूजा करायची, त्याने पहिला घास घ्यायचा, तोवर बाकीच्यांनी हात आवरून बसायचं. जेवणं होत आली की बोकडाच्या मुंडक्याचे आठ वाटे होतात आणि ते पहिल्या आठ वडीलधाऱ्यांना वयाप्रमाणे मिळतात. उजवा डोळा थकालीला. डावा डोळा दुसऱ्याला. मग उजवा कान, डावा कान, नाक, जीभ आणि शेवटी दोन जबडे. त्यात खाण्यासारखं फारसं नसतं. पण कोणाच्या पानात काय पडलं हे वर्षभर लक्षात ठेवलं जातं, आणि गेल्या वर्षी डाव्या जबड्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं ते तिहारला, म्हणजे दिवाळीला, कुठे सुरू झालं.

सुबिना कुपंडोलच्या एका कंपनीत परदेशी लोकांच्या वेबसाइट करायची. ते भांडण झालं तेव्हा तीच म्हणाली होती, "त्यात काय एवढं. सगळ्यांच्या जन्मतारखा एकदा भरून टाकू, क्रम आपोआप लागेल. सिडनीत, दोहात बसलेल्यांनाही दिसेल. भांडायचं कारणच राहणार नाही."

तिच्या आईने तेव्हाच सांगितलं होतं, "भावकीच्या कामात हात घालू नकोस. भावकी म्हणजे आल्याची मुळी, कुठूनही मोड फुटतो." पण शिकलेल्या मुली आईचं ऐकत नाहीत, आणि न शिकलेल्याही ऐकत नाहीत.

ती खाली पोचली तोवर तीर्थमान अजा पायरीवर येऊन बसले होते. त्यांचा थोरला मुलगा वसंतमान दारात उभा होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की हसावं का बापाच्या पाया पडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. तो सत्तावन्न वर्षांचा होता.

"ये पोरी," अजा म्हणाले. "बस. हा म्हणतो मी माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे."

"चूक झाली अजा. बघते मी."

"चूक कशी? यंत्र कधी चुकत नाही असं तूच सांगितलं होतंस," अष्टमान म्हणाले.

आतून तीर्थमान अजांच्या बायकोचा, ज्ञानमायाचा आवाज आला. "म्हणजे माझं लग्न झालं तेव्हा हे जन्मायचेच होते. तरीच म्हटलं वरातीत नवरा दिसला कसा नाही."

सुबिनाने फोनवर वेबसाइट उघडली. क्रमात पहिलं नाव अष्टमान. तीर्थमान खाली, बरेच खाली, जिथे लग्नाच्या वयाच्या मुलींचे बाप सुरू होतात तिथे. तिने तारीख पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"अजा, तुमची जन्मतारीख काय?"

"असार बत्तीस. २००२ साल. साऱ्या पाटणला माहीत आहे."

तिथेच घोळ होता. नेपाळात महिन्याला कधी एकोणतीस गते, म्हणजे तारखा, असतात, कधी बत्तीस, आणि बत्तीस असारनंतर, म्हणजे आषाढ संपला की, एक साउन येतो. हे सुबिनाला का माहीत नव्हतं? पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण तारीख भरायचा रकाना तिने स्वतः लिहिला नव्हता, तयार मिळतो तो उचलून लावला होता, आणि तो बनवणाऱ्या परक्या मुलखातल्या माणसाच्या बापजन्मात कोणी बत्तीस तारखेला जन्माला आलं नव्हतं. रकान्याने बत्तीस पाहिलं, ते त्याच्या गळ्याखाली उतरलं नाही, आणि त्याने मुकाट्याने जागा रिकामी ठेवली.

"मग ते सतरा पुस कुठून आलं?" वसंतमानने विचारलं.

"तारखेच्या जागी काहीच नसलं तर संगणक शून्य धरतो. आणि त्याचा काळ १९७० सालापासून सुरू होतो, इंग्रजी पहिल्या जानेवारीपासून. शून्य म्हणजे तो दिवस. आपल्याकडे तेव्हा सतरा पुस होता."

"आणि पहाटे साडेपाच?"

"तिकडे विलायतेत मध्यरात्र होती तेव्हा इथे साडेपाच वाजले होते."

तीर्थमान अजांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ज्याचा जन्म ठाऊक नाही त्या सगळ्यांना तो एकाच दिवशी जन्माला घालतो."

"हो अजा."

"मग संगणक कसला, अनाथाश्रमच आहे तो."

"नीट करते आजच."

"कर. पण एक ऐक. एकतीस असार नको, एक साउनपण नको. बत्तीस म्हणजे बत्तीस. एक साउनचा हा आहे," असं म्हणून त्यांनी अंगठ्याने अष्टमानकडे दाखवलं, त्यांच्याकडे न बघता.

अष्टमान अजा मात्र जायला तयार नव्हते. "आज दिवसभर तरी यादी तशीच राहू दे ना पोरी. शनिवार आहे. सुट्टीचं कोण काम करतं?"

ती घरी गेली आणि कामाला लागली. बत्तीसचा प्रश्न तासाभरात मिटला. महिन्यांचा तक्ता तिने हाताने भरला, कुठल्या साली कुठला महिना किती दिवसांचा ते सगळं. त्यावरून नेपाळी तारखेची इंग्रजी तारीख करायची आणि ती साठवायची, दाखवताना पुन्हा नेपाळी करायची. तसं शिकवतात, तसंच तिने केलं. शिवाय यापुढे कोणाची एका दिवसावरून कटकट नको म्हणून तिने जन्मवेळेचाही रकाना ठेवला, आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "अजा, तुमची वेळ काय होती?"

"दुपारी बारा. भात उतरवताना मी झालो. भात करपला, अजून ऐकवतात."

ज्यांनी वेळ दिली नव्हती त्यांना तिने मध्यरात्रीचे बारा धरले, म्हणजे दिवस जिथून सुरू होतो ती वेळ. सगळं चोख झालं. संध्याकाळी नवा क्रम सगळ्यांच्या फोनवर गेला आणि सुबिना निवांतपणे मोमो खायला बसली.

तिसरा मोमो तोंडात असताना खालून पुन्हा हाक आली. "किजा."

या वेळी तिने घास गिळला, पाणी प्यायली आणि मगच यादी उघडली. पहिलं नाव अष्टमान ताम्राकार, जन्म असार बत्तीस, २००२ साल. दुसरं नाव तीर्थमान ताम्राकार, जन्म असार बत्तीस, २००२ साल.

अष्टमान अजा एका दिवसाने मोठे झाले होते. दोघांची तारीख एकच पडली, वेळेचा रकाना क्रमाला जोडायचा राहून गेला होता, आणि तारीख सारखी असेल तर नावाच्या अकारविल्ह्याने क्रम लावायचं तिनेच सांगून ठेवलं होतं. अ आधी, त नंतर.

खाली अष्टमान अजा आळीला समजावून सांगत होते, "आईबापांनी नाव विचार करून ठेवलं होतं. तेव्हा कळलं नाही, आता कळतंय."

पुढचे दोन दिवस सुबिना ऑफिसात बसून परदेशी लोकांचं काम करायच्या ऐवजी अष्टमान अजांचा जन्म शोधत होती. एक साउनची मध्यरात्र तिने बरोबर भरली होती. साठवताना संगणक आपल्या घड्याळातून पावणेसहा तास वजा करतो, विलायतेची वेळ करून ठेवतो, दाखवताना पुन्हा मिळवतो. वजा केलं तेवढंच मिळवलं तर तारीख हलणार कशी? शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सांगितलं, सर्व्हर सिंगापूरला आहे, तिकडची गडबड असेल. सिंगापूरवर एक दिवस गेला. तिकडे सगळं ठीक होतं.

सोमवारी संध्याकाळी ती तीर्थमान अजांच्या दुकानावरून घरी जात होती. अजा आत करुवा घासत बसले होते. करुवा म्हणजे तोटीचा तांब्या, आणि त्यांच्या हातचा करुवा आजही घरोघर लग्नात मिरवतो. तिला बघून त्यांनी विचारलं, "सापडला का माझा एक दिवस?"

"तुमचा नाही हरवला अजा. अष्टमान अजांचा मागे सरकलाय. एक दिवसही नाही खरं तर, पाव तास. मध्यरात्रीचे बारा भरले होते, ते आदल्या रात्रीचे पावणेबारा झालेत. पाव तास कुठे गेला तेच कळत नाही."

"पाव तास? तो सरकारने नेला," अजा म्हणाले, घासता घासता.

सुबिनाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण ज्ञानमाया आतून म्हणाली, "खरंच नेला. माझा वसंत तेव्हा शाळेत जायचा. २०४२ साल. एक दिवस रेडिओवर सांगितलं, घड्याळं पाव तास पुढे करा. त्याआधी हिंदुस्तानची आणि आपली वेळ एकच होती."

"अष्टमानने कितीतरी दिवस घड्याळ फिरवलंच नाही," अजा म्हणाले. "म्हणे माझा पाव तास मी कोणाला देणार नाही. सगळीकडे उशिरा पोचायचा."

सुबिना तिथेच पायरीवर बसली. तिने साठवताना सरसकट पावणेसहा तास वजा केले होते, आजच्या हिशोबाने. पण दाखवणारं यंत्र तिच्यापेक्षा हुशार होतं. त्याच्या पोटात सगळ्या देशांच्या घड्याळांचा इतिहास होता. त्याने पाहिलं, माणूस २००२ सालचा, तेव्हा फरक साडेपाच तासांचाच होता, म्हणून त्याने साडेपाचच मिळवले. मधला पाव तास खाल्ला गेला, आणि मध्यरात्रीला जन्मलेलं प्रत्येक जुनं माणूस दाराच्या उंबऱ्यावरून आदल्या दिवसात पडलं. सगळेच पडले म्हणून त्यांचा आपसातला क्रम बिघडला नाही. एकटे तीर्थमान अजा दुपारी बाराला जन्मलेले, ते पाव तासाने हलले तरी असार बत्तीसमध्येच राहिले, आणि मागून सरकत आलेले अष्टमान त्यांच्या शेजारी येऊन बसले.

तिने हे अजांना सांगितलं. अजांनी करुवा उजेडात धरून पाहिला. "तू एवढं सगळं कशाला करतेस?"

"काय सगळं?"

"तारीख घ्यायची, इंग्रजी करायची, विलायतेला पाठवायची, परत आणायची, परत नेपाळी करायची. एवढ्या प्रवासात माणूसही थोडा आटतो."

"असंच करतात अजा. नाहीतर उद्या कोणी अमेरिकेतून बघितलं तर..."

बोलता बोलता ती थांबली. अमेरिकेतून बघितलं तर काय होणार होतं? तीर्थमान अजांचा जन्म टेक्सासमधून पाहिला म्हणून आदल्या दिवशी होतो का? बैठक ठरवायची असेल, फोन करायचा असेल, तर तो क्षण सगळ्या जगात एकच असतो, तिथे ही उठाठेव हवी. पण म्हाताऱ्यांचं वय म्हणजे काही विमान पकडायचं नव्हतं. लोक जे तोंडाने सांगतात तेच जपून ठेवायचं होतं फक्त.

घरी जाऊन तिने वेळ पुसून टाकली, इंग्रजी तारीख पुसून टाकली, आणि साल, महिना, गते असे तीन साधे रकाने केले. २००२, असार, ३२. तेवढंच. संगणकाला ती तारीख आहे हेही सांगितलं नाही. तीन आकडे आहेत म्हणून सांगितलं, आणि त्याने निमूटपणे ठेवून घेतले.

यादी बरोबर लागली. तीर्थमान पहिले, अष्टमान दुसरे. संदेश गेला. आळीत कोणी हाका मारल्या नाहीत. सुबिनाने खिडकीतून पाहिलं तर अष्टमान अजा आपल्या पायरीवर मोबाईल मांडीवर घेऊन बसले होते, चष्मा कपाळावर ढकललेला. थोड्या वेळाने ते उठले आणि आत गेले. तिला उगाच चोरट्यासारखं वाटलं.

गंमत म्हणजे तीर्थमान अजाही फारसे खुश दिसेनात. यादीने शनिवारीच काढून घेतलं तरी त्या तीन दिवसांत त्यांना पंचावन्न वय बरं मानवलं होतं. दुधाच्या रांगेत म्हाताऱ्यांना बाक होता, तो सोडून ते रांगेत उभे राहायला लागले होते. रविवारी त्यांनी शिडी लावून स्वतःच्या छपराची कौलं बसवली, आणि खाली ज्ञानमाया शिडी धरून जे बोलत होती ते आळीतल्या लहान मुलांना ऐकू नये म्हणून आयांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. वसंतमानला ते जाता येता "काय दाजु, बरं आहे ना?" असं विचारत, आणि वसंतमान बिचारा प्रत्येक वेळी दचकत असे.

जेठात पूजेचा दिवस आला. थान आळीबाहेर, पिंपळाखाली, नुसते दगड. तिथे सकाळपासून भावकी जमली. बायकांनी पोहे, उडदाची धिरडी, काळे सोयाबीन, आलं, भाजलेलं मांस, सगळं टोपल्यांत आणलं होतं. घरची तांदळाची दारू, अइला, तिच्या सुरया वेगळ्या एका मावशीच्या ताब्यात होत्या, कारण ती मावशी दारू पीत नसे. सुबिना यादी छापून घेऊन आली होती, न जाणो म्हणून.

पुजारी गुरुजींनी विचारलं, "थकाली कोण? या, बसा पुढे."

सगळ्यांनी तीर्थमान अजांकडे पाहिलं. तीर्थमान अजांनी सुबिनाच्या हातातला कागद घेतला, लांब धरून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"थकाली मीच," ते म्हणाले. "आणि थकालीचा शब्द गुठीत चालतो की नाही?"

"चालतो की," चार-पाच जण म्हणाले.

"मग ऐका. मी यंदा पंचावन्न वर्षांचा आहे. तीन दिवस साऱ्या आळीला तसं सांगितलं, आता शब्द फिरवणं बरं नाही. पूजेला अष्टमान बसेल."

मंडळींनी माना वळवल्या. बोकडानेही. अष्टमान अजांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी तरी थट्टा करतंय आणि ते पकडायचं आहे, तसं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"दाजु, उशीर होतोय, बसा," तीर्थमान म्हणाले.

ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो शब्द अष्टमानला वापरला होता. अष्टमान अजांनी खाकरल्यासारखं केलं, टोपी सारखी केली, आणि जाऊन दगडावर बसले.

आता थकालीची पूजा ही काही खायची गोष्ट नाही. उपाशीपोटी गार दगडावर मांडी घालून बसायचं, कुठलं फूल कुठे, कुठलं पाणी कधी, सगळं पाठ असावं लागतं. अष्टमान अजांनी बारा वर्षं मागे बसून तीर्थमानच्या प्रत्येक चुकीवर च् केलं होतं. पुढे बसल्यावर त्यांना शेंदूर आधी का अक्षता आधी हे आठवेना. गुरुजींनी सांगितलं की ते म्हणत, "ठाऊक आहे मला," आणि मग भलतंच उचलत. उन्हं चढली. मुलांनी गुपचूप केळी खायला सुरुवात केली. अर्ध्या पूजेत त्यांचा गुडघा धरला, तेव्हा वसंतमान आणि आणखी एक पुतण्या यांनी त्यांना दोन बाजूंनी उचलून वळवून परत बसवलं.

तीर्थमान अजा तोवर मागे पिंपळाच्या सावलीत पन्नाशीतल्या लोकांत बसून गप्पा मारत होते. मावशीकडून त्यांनी थोडी अइला मिळवली होती. "थकाली झाल्यापासून या देवाला मी मागे बसून कधी पाहिलंच नाही. लांबून बरा दिसतो," असं ते म्हणाले.

पंगत बसली तेव्हा खरी पंचाईत वसंतमानची झाली. बाप पंचावन्न, तर तो सत्तावन्न. म्हणजे बापाच्या वर बसायला हवं. तो तिसऱ्यांदा उठून खाली जायला लागला तेव्हा तीर्थमान त्याचं धोतर धरून म्हणाले, "दाजु, बसता का आता? धिरडी गार होतायत." आणि ज्ञानमाया बायकांच्या रांगेतून म्हणाली, "बस रे. आज तरी बापाला कोणाचं तरी ऐकू दे."

जेवण झालं. मुंडक्याचे वाटे आले. उजवा डोळा एका पानावर ठेवून अष्टमान अजांसमोर आणला. सगळे हात थांबले. त्यांनी तो उचलला, एकदा फिरवून पाहिला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. सुबिनाला समोरून त्यांचा चेहरा दिसत होता. ऐंशी वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या पानात हा डोळा पाहिला होता. नवा कोट, नवी पुस्तकं आधी तीर्थमानला मिळताना पाहिली होती, शाळेत 'दुसरा ताम्राकार' म्हणून हाक ऐकली होती.

ते गिळून झालं. ते पाणी प्यायले.

"कसा आहे?" तीर्थमानने खालून विचारलं.

"डाव्यासारखाच," अष्टमान म्हणाले.

पंगतीत आधी एक जण हसला, मग सगळे. अष्टमान अजा हसले नाहीत, पण त्यांनी मावशीला खूण करून सुरई मागवली, उठून गुडघा धरत धरत पार खाली आले, आपल्या हाताने तीर्थमानच्या मातीच्या वाटीत अइला ओतली आणि तिथेच शेजारी फतकल मारून बसले. गुरुजी म्हणाले थकालीने जागा सोडायची नसते. अष्टमान म्हणाले, "थकालीला शिकवू नका."

तीर्थमान खाली बसल्यावर डावा डोळा त्या दिवशी कोणाला द्यायचा हे कोणी ठरवलंच नव्हतं. तो फिरत फिरत उजव्या कानवाल्या काकांकडे गेला, आणि कानही त्यांच्याकडेच राहिला, आणि त्यावरून जे सुरू झालं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. आईने सुबिनाकडे फक्त एकदा पाहिलं. आल्याच्या मुळीबद्दल ती काही बोलली नाही.

तीर्थमान अजांनी हे अष्टमानसाठी केलं, की खरोखर गार दगडाचा कंटाळा आला म्हणून, हे सुबिनाला कधी कळलं नाही. तिने एकदा विचारलं होतं. अजा म्हणाले, "तुझ्या यंत्रात त्याला रकाना आहे का? नाही ना. मग राहू दे."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आळीतल्या शाक्यांच्या गुठीचे दोन म्हातारे तिच्या ऑफिसात आले. त्यांनी सोबत केळी आणली होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्यांनाही तशीच वेबसाइट हवी होती.

"देते करून," सुबिना म्हणाली. "आता सगळं बरोबर चालतं. बत्तीस गतेही घेतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातला जरा बोलका होता तो पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला, "ते बरोबर केलेलं नको पोरी. आम्हाला आधीचं दे."

"आधीचं बिघडलेलं होतं हो."

"तेच ते," दुसरा म्हणाला. "पंचवीस वर्षं कमी करणारं."

सुबिनाने त्यांना शून्य म्हणजे काय, १९७० साल म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चहा पिऊन संपेपर्यंत ऐकलं, माना डोलावल्या. जाताना बोलक्याने दारातून वळून विचारलं की शून्याच्या ऐवजी जरा आणखी अलीकडचं काही टाकता येईल का, कारण त्याला चाळीस पुरे होते.